संसदेतील प्रश्नोत्तरांची ऑनलाइन सेवा : बुधवार रेल्वेचा, शुक्रवार परराष्ट्राचा

अधिवेशन सुरू झाले की माझा आठवडा लोकसभेच्या वेळापत्रकावर चालतो. सध्याच्या वाटणीप्रमाणे लोकसभेत बुधवारी रेल्वे, गुरुवारी रस्ते वाहतूक आणि शुक्रवारी परराष्ट्र व्यवहार या खात्यांची उत्तरे येतात. त्या तीन दिवशी सकाळी अकरा वाजता मी संसद टीव्ही लावून बसते, आणि दुपारनंतर संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची लेखी उत्तरे उघडून वाचते. मी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. शाळेत वर्षानुवर्षे नागरिकशास्त्र शिकवताना तारांकित आणि अतारांकित प्रश्नांमधला फरक फळ्यावर किती वेळा लिहून दिला याची गणती नाही. पण आपल्या माहेरच्या वाटेविषयी एखाद्या खासदाराने विचारलेला प्रश्न आणि त्यावर मंत्र्यांनी दिलेले उत्तर छापून हातात घेणे हा अनुभव त्या फळ्यापेक्षा फार निराळा निघाला. इंदुरातल्या मराठी घरांतून ही सेवा फारशी वापरली जात नाही असे दिसले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

सेवा म्हणजे नेमके काय, ते आधी सांगते. लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही एकत्र करून 15 सप्टेंबर 2021 रोजी संसद टीव्ही सुरू झाला आणि त्याचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवरही पाहता येते. संसद डॉट इन या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांतील प्रश्नोत्तरे खासदाराच्या नावाने, मंत्रालयाने, अधिवेशनाने किंवा विषयाने शोधता येतात आणि प्रत्येक उत्तराची पीडीएफ उतरवून घेता येते. जुन्या काळातल्या चर्चा आणि प्रश्न हवे असतील तर संसदेचे डिजिटल ग्रंथालय आहे. या कशालाही पैसे पडत नाहीत.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी स्वरूपात सभापटलावर ठेवले जाते. प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो आणि कोणाचा क्रमांक कितवा लागेल हे सोडतीने ठरते. एवढे माहीत असले की पुढचे वाचन सोपे जाते.

आता रेल्वेविषयी, कारण मी या सेवेकडे वळले ती रेल्वेमुळेच. माझे माहेर धुळ्याचे. लग्न होऊन इंदुरास आल्यापासून भाऊबीजेला माहेरी जायचे ते आग्रा-मुंबई रस्त्याने, बसने, आधी धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट आणि मग सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरून. गणपती घाटात उलटलेले ट्रक पाहिले नाहीत असा प्रवास मला क्वचितच आठवतो. इंदूर-मनमाड रेल्वे होणार हे वाक्य मी सासरी आले तेव्हापासून ऐकत होते. अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी या मार्गाला मंजुरी दिली : लांबी 309 किलोमीटर, खर्च 18,036 कोटी रुपये, 30 नवी स्थानके, आणि काम पूर्ण करण्याचे वर्ष 2028-29. मार्ग धुळ्यावरून जाणार असल्याने वर्तमानपत्राचे ते पान मी जपून ठेवले आहे. मात्र मंजुरीनंतर काम कोठवर आले, जमीन किती ताब्यात आली, या वर्षी पैसा किती मिळाला, हे वर्तमानपत्र रोज सांगत नाही. ते संसदेच्या उत्तरांतून शोधावे लागते.

रेल्वे मंत्रालयाचे उत्तर वाचण्याची एक रीत आहे आणि ती हळूहळू अंगवळणी पडते. हिंदी प्रत उघडली की वर मंत्रालयाचे नाव, मग प्रश्न क्रमांक आणि तारीख, त्याखाली (क), (ख), (ग), (घ), (ङ) अशा पोटभागांत पाडलेला प्रश्न, आणि त्यानंतर ‘भाग (क) से (ङ)’ अशी सगळे पोटभाग एकत्र बांधणारी ओळ दिसते. ही ओळ दिसली की मी पेन्सिल हातात घेते, कारण पाच प्रश्नांना मिळून एकच उत्तर दिले की त्यांतला एखादा प्रश्न अनुत्तरित राहण्याचा संभव असतो आणि तो कोणता हे आपणच शोधायचे असते. पुढे बहुतेक उत्तरांत एक परिच्छेद जसाच्या तसा येतो : रेल्वे प्रकल्पांचे सर्वेक्षण, मंजुरी आणि अंमलबजावणी राज्यनिहाय होत नसून क्षेत्रीय रेल्वेनिहाय होते, कारण प्रकल्प राज्यांच्या सीमा ओलांडून जातात. हे म्हणणे खोटे नाही. आमचेच उदाहरण घ्या. इंदूर पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागात आहे आणि मनमाड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. आणखी एक परिच्छेदही ठरलेला असतो : काम पूर्ण होणे हे भूसंपादन, वन खात्याची परवानगी, वाटेतल्या वाहिन्या आणि खांब हलवणे, भूगर्भाची स्थिती, कायदा व सुव्यवस्था आणि हवामानामुळे वर्षात कामाला मिळणारे महिने यांवर अवलंबून असते. पहिल्यांदा वाचले तेव्हा ही सारी टाळाटाळ वाटली होती. पुष्कळ उत्तरे वाचल्यावर कळले की ठरलेल्या परिच्छेदांच्या मध्ये जी दोन-चार वाक्ये फक्त त्या प्रकल्पापुरती लिहिलेली असतात, तीच खरे उत्तर असतात, आणि दर अधिवेशनात तेवढीच वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर काम हलले की नाही ते स्पष्ट दिसते.

आकड्यांबाबतही एक सावधगिरी सांगावीशी वाटते. मध्य प्रदेशातील रेल्वेकामांसाठी 2009 ते 2014 या काळात वर्षाला सरासरी 632 कोटी रुपये मिळत होते आणि 2025-26 साठी 14,745 कोटी रुपये ठेवले आहेत, अशी तुलना रेल्वे मंत्रालय वारंवार मांडते. वाढ मोठी आहे आणि इंदूर स्थानकावर उभे राहिले की ती डोळ्यांना दिसतेही. परंतु ज्याला इंदूर-दाहोद मार्गाविषयी जाणून घ्यायचे आहे, त्याचे समाधान राज्याच्या एकूण आकड्याने होत नाही. त्या मार्गाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाबुआ येथे 8 फेब्रुवारी 2008 रोजी झाली होती. अशा जुन्या कामाचा माग काढायचा तर प्रश्नातच मार्गाचे नाव हवे, आणि उत्तरातही त्या नावापुढचा आकडा हवा.

म्हणूनच या सेवेने मला प्रश्न विचारणाऱ्या खासदारांचे काम नव्या नजरेने पाहायला शिकवले. ‘अमुक भागातील जनतेची रेल्वेची मागणी दीर्घकाळ प्रलंबित आहे, हे सरकारला ठाऊक आहे काय’ असा प्रश्न विचारला की उत्तरही तसेच भरघोस पण मोघम येते. त्याऐवजी मंजुरीची तारीख, मूळ खर्च आणि सुधारित खर्च, ताब्यात आलेल्या जमिनीचे हेक्टर, मागील तीन वर्षांतील तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असे एकेक पोटभागात मागितले की उत्तराला परिशिष्ट जोडावेच लागते, आणि नागरिकाच्या उपयोगाचे बहुतेक सगळे त्या परिशिष्टात असते. प्रश्नाच्या पहिल्याच पोटभागाला ‘जी, नहीं’ असे उत्तर मिळाले तर पुढच्या भागांसाठी ‘प्रश्न नहीं उठता’ एवढेच लिहून येते. त्यामुळे पहिला पोटभाग ‘आहे काय’ असा न घेता ‘किती’ किंवा ‘केव्हा’ असा घेणारा खासदार मला अभ्यासू वाटतो. यात पक्षाचा संबंध नाही. सत्ताधारी बाकांवरूनही उत्तम प्रश्न आलेले मी वाचले आहेत.

शोध घेताना मंत्रालय अचूक निवडणे महत्त्वाचे आहे, नाही तर तासभर शोधूनही काही हाती लागत नाही. आपण ज्याला सरसकट वाहतूक म्हणतो ती दिल्लीत रेल्वे, रस्ते वाहतूक व महामार्ग, नागरी विमान वाहतूक आणि बंदरे व जलमार्ग अशा चार मंत्रालयांत विभागलेली आहे. इंदूरची मेट्रो, जिचा पहिला सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा 31 मे 2025 रोजी सुरू झाला, ती यांपैकी कोणाकडेच नाही; तिच्याविषयीचे प्रश्न गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाकडे जातात. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे, पण परदेशी पाहुण्याचा भारताचा व्हिसा हा गृह मंत्रालयाचा विषय आहे.

परराष्ट्र व्यवहाराची उत्तरे मी आधी केवळ उत्सुकतेने वाचत असे. हा विषय दूरचा, राजदूतांचा आणि करारांचा, अशी माझी समजूत होती. शिवाय या खात्याला प्रश्न विचारण्याला नियमांची कुंपणेही अधिक आहेत : मित्रराष्ट्राचा अनादर होईल असा उल्लेख प्रश्नात चालत नाही, आणि ज्या गोष्टी स्वभावतः गोपनीय आहेत त्यांची माहिती मागता येत नाही. सीमेविषयी किंवा वाटाघाटींविषयी विचारले की सरकार परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून आहे अशा अर्थाचे उत्तर येते आणि तेथेच थांबते. ज्यांना फक्त राजकारणात रस आहे त्यांची येथे निराशा होईल. परंतु परदेशात गेलेल्या सामान्य माणसांविषयीचे प्रश्न वाचले तर याच मंत्रालयाची उत्तरे अतिशय उपयुक्त, आकडेवार आणि नेटकी असल्याचे दिसते. 2022 या वर्षात 2,25,620 भारतीयांनी नागरिकत्व सोडले हा आकडा सर्व वर्तमानपत्रांत आला, तो अशाच एका प्रश्नाच्या उत्तरातून. परराष्ट्र मंत्रालय आपली संसदीय उत्तरे स्वतःच्या संकेतस्थळावरही वेगळी मांडून ठेवते आणि ती तारखेप्रमाणे लावलेली असल्याने तेथेही सहज वाचता येतात.

याचा एक प्रत्यक्ष उपयोग सांगते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला आखाती देशात नोकरी लावून देतो म्हणून एका दलालाने गाठले होते. रक्कम मोठी होती, पावती नव्हती, आणि जाण्याची तारीख मात्र जवळ होती. मुलाची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही ते दिल्लीचं रोज वाचता, यात काही लिहिलंय का बघा.” मी विषयाच्या रकान्यात उत्प्रवासन (म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाणे) आणि भरती दलाल असे शब्द घालून शोधले. उत्तरांत सारे स्वच्छ लिहिलेले होते : 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी बंधनकारक आहे, तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेऊ शकतो, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. ती यादी आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर बसून तपासली. त्या दलालाचे नाव यादीत नव्हते. मंत्र्यांच्या नावाने सभागृहात ठेवलेले उत्तर छापून पुढे केल्यावर त्या माउलीला मुलाची समजूत घालणे सोपे गेले. माझ्या तोंडी सल्ल्याने तेवढे झाले नसते. तो प्रश्न कोणत्या राज्यातल्या खासदाराने विचारला होता हे त्या दिवशी मी पाहिलेही नाही, आणि त्याला इंदूरच्या या घराची कल्पना असण्याचे कारण नाही. पण त्याचे काम येथवर पोचले.

वाहतूक आणि परराष्ट्र व्यवहार हे दोन विषय एका जागी भेटतात, ती जागा म्हणजे विमानतळ. इंदूरहून दुबईला पहिले थेट विमान 15 जुलै 2019 रोजी उडाले. त्यानंतर अन्य देशांसाठी विमाने का नाहीत, असा प्रश्न इथल्या घरांतून नेहमी विचारला जातो, कारण मुले-नातवंडे बाहेर आहेत. विमान वाहतूक मंत्रालयाच्या उत्तरांतून मला कळलेले तत्त्व असे, की भारतीय विमान कंपन्या देशातल्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय विमानतळावरून परदेशी सेवा सुरू करण्यास मोकळ्या आहेत, मात्र परदेशी कंपनीला दोन देशांमधील हवाई सेवा करारात नाव घातलेल्या शहरांतच उतरता येते. म्हणजे इंदूरला परदेशी कंपनीचे विमान हवे असेल तर ती मागणी केवळ विमानतळाच्या धावपट्टीची राहत नाही, ती दोन सरकारांमधल्या कराराची होते. हे समजल्यावर, मागणी कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत करावी याचा विचारच बदलतो.

प्रत्यक्ष प्रश्नोत्तराचा तास पाहण्याविषयी थोडे. यादीत 20 तारांकित प्रश्न असले तरी तासाभरात त्यांतले थोडेच पुकारले जातात. 27 नोव्हेंबर 2019 रोजी वीसच्या वीस प्रश्न घेतले गेले तेव्हा 1972 नंतर असे प्रथमच घडले, अशी नोंद झाली. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात, पण पुरवणी प्रश्नांची संधी मात्र जाते, आणि मंत्र्यांची तयारी खरी कळते ती पुरवणी प्रश्नाला उत्तर देतानाच. हल्ली रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव आणि परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हे दोघेही राज्यसभेचे सदस्य आहेत, तरी संविधानाच्या अनुच्छेद 88 मुळे ते लोकसभेत उत्तर देऊ शकतात. प्रेक्षकाने आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मंत्री एखाद्या घटनेवर स्वतःहून निवेदन करतात तेव्हा लोकसभेच्या नियम 372 प्रमाणे त्या वेळी त्यावर प्रश्न विचारता येत नाही. युक्रेनमधून सुमारे 22,500 भारतीय परत आल्याचे मार्च 2022 मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितले, ते अशाच निवेदनात. प्रश्नाला दिलेले उत्तर आणि निवेदन यांची तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही.

कोणत्या खासदाराने किती प्रश्न विचारले याच्या संख्या याच संकेतस्थळावरून काढून कोणी मोठेपणा किंवा कमीपणा ठरवताना दिसले की मला वाईट वाटते. सुमित्राताई महाजन 1989 पासून आठ वेळा इंदूरमधून निवडून आल्या आणि 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत आणि मंत्रीही विचारत नाहीत. त्या पाच वर्षांत प्रश्नकर्त्यांच्या यादीत इंदूरचे नाव शोधणे व्यर्थ होते, पण ज्या तासात देशभरातल्या खासदारांना प्रश्न विचारायला मिळत होते तो तास आमच्या ताई चालवत होत्या, याचा अभिमान मला आजही आहे.

उणिवा सांगितल्या पाहिजेत. लेखी उत्तरे हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत मिळतात. सभागृहातल्या भाषणांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तत्काळ भाषांतर होते ही आनंदाची गोष्ट आहे, पण लेखी उत्तर मराठीतून मिळाले तर धुळ्याची माझी वहिनीही ते स्वतः वाचू शकेल. हिंदी उत्तरांची भाषा कार्यालयीन आहे. ‘आमान परिवर्तन’ म्हणजे रुळांची रुंदी बदलणे, हे कळायला मला दोन उत्तरे वाचावी लागली. डिजिटल ग्रंथालयातले जुने कागद छायाप्रत स्वरूपात आहेत, त्यामुळे तेथे शब्द घालून शोधण्यापेक्षा तारखेने जाणे बरे पडते. तारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर एका ठिकाणी आणि त्यावरची तोंडी प्रश्नोत्तरे त्या दिवसाच्या कार्यवाहीत, असे दोन ठिकाणी पाहावे लागते. छपाईबाबत एक इशारा : घराजवळच्या एका दुकानातून मी पहिल्यांदा उत्तर छापून आणले तेव्हा तेथील मुलाने पहिले पानच दिले आणि परिशिष्टाची पाने तशीच राहिली, मला वाटले उत्तर एवढेच आहे. पानांची संख्या मोजूनच पैसे द्यावेत.

सर्वांत कमी वापरला जाणारा, पण माझ्या मते सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे आश्वासने. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभापटलावर ठेवली जाईल’ असे मंत्र्यांनी म्हटले की ते आश्वासन धरले जाते, ते साधारणपणे तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेत 1953 पासून शासकीय आश्वासनविषयक समिती आहे. त्यामुळे अपुरे उत्तर मिळाले म्हणून कागद टाकून देऊ नये. तीन महिन्यांनी त्याच प्रश्न क्रमांकाने पुन्हा शोध घ्यावा. माझ्याकडे अशा उत्तरांची एक निळी फाईल आहे. तिच्या पहिल्या पानावर इंदूर-मनमाड मार्गाच्या मंजुरीचे कात्रण लावले आहे आणि त्यामागे भूसंपादन, तरतूद आणि मुदत अशा तीन खुणांची पाने आहेत. येत्या बुधवारी त्यांत एखादा नवा कागद लागेल अशी आशा आहे.